युरोपमध्ये कार्बन व्यापारामुळे महागलेल्या विजेची भरपाई सरकार कारखान्यांना देऊ शकते का?

उत्तर : होय, पण सरसकट नाही. उद्योगाला सरकारी मदत देणे युरोपीय महासंघात एरवी निषिद्धच मानले जाते. मात्र कार्बन व्यापारात वीज कंपन्यांना दर टन कार्बन डायऑक्साइडमागे एक उत्सर्जन परवाना लागतो, त्या परवान्यांचा खर्च त्या वीजदरात घालतात आणि त्या बोज्यामुळे ॲल्युमिनियम, जस्त किंवा पोलादाचे कारखाने महासंघाबाहेर जाण्याची भीती असते, म्हणून युरोपीय आयोगाने (महासंघाच्या कार्यकारी यंत्रणेने) ठरावीक क्षेत्रांपुरता अपवाद केला आहे. २०२० मध्ये स्वीकारलेल्या नियमावलीत ही भरपाई अप्रत्यक्ष खर्चाच्या, म्हणजे वीजदरातून येणाऱ्या परवान्यांच्या खर्चाच्या, ७५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली होती.

हिशेबाची मेख अशी की भरपाई कारखान्याच्या वीजबिलावर नव्हे, तर कार्यक्षमतेच्या मानकावर, म्हणजे कार्यक्षम कारखान्याला एका टन मालासाठी लागणाऱ्या विजेवर, ठरते. समजा, एक टन ॲल्युमिनियमसाठी मानक १४ मेगावॅट-तास, उत्सर्जन गुणांक (एका मेगावॅट-तास विजेमागचे उत्सर्जन) ०.७ टन आणि परवान्याचा भाव ७० युरो धरला, तर खर्च ६८६ युरो होतो आणि ७५ टक्क्यांच्या मर्यादेनुसार त्यातले जास्तीत जास्त सुमारे ५१५ युरो मिळू शकतात. जुनाट भट्टीने १६ मेगावॅट-तास खाल्ले, तरी त्यावर एक युरोही वाढत नाही.

शिवाय लाभार्थ्याला ऊर्जा लेखापरीक्षणातील तीन वर्षांत खर्च भरून निघणाऱ्या शिफारशी अमलात आणाव्या लागतात, किंवा किमान ३० टक्के वीज कार्बनमुक्त स्रोतांतून घ्यावी लागते, किंवा मदतीचा निम्मा भाग उत्सर्जन घटवण्यात गुंतवावा लागतो.

माझ्या मते खरी विषमता वेगळीच आहे : मदत देणे सदस्य देशांना ऐच्छिक असल्याने जर्मनीसारख्या सधन देशातील कारखान्याला ती मिळते, तर तिजोरी रिकामी असलेल्या देशातील स्पर्धक कोरडाच राहू शकतो.