जपानला ८ दिवसांसाठी जाऊन प्रसिद्ध ठिकाणांऐवजी नुसतं रस्त्यांवर हिंडण्यात काही अर्थ आहे का? असेल तर काय बघावं?

आहे. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की घरचे म्हणतात, "एवढे पैसे घालून गल्ल्याच बघायच्या असतील तर जायचंच कशाला?" ते वाचलं आणि राहवेना, म्हणून लिहायला बसले. हेच वाक्य मी सख्ख्या भावाकडून ऐकलंय. तो "गल्ल्या" न म्हणता "फरश्या" म्हणतो, आणि दर दिवाळीला सगळ्यांसमोर म्हणतो.

व्हिसा, रेल्वेपास, हॉटेलं यांवर इथे ढीगभर उत्तरं आहेत, ते सोडून देते.

आम्ही एप्रिल २०१९ मध्ये गेलो होतो. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी. टोकियो, क्योटो, ओसाका, हिरोशिमा. आखणी सगळी दादाची, तासातासाची. टोकियोत तिसऱ्या दिवशी शिंजुकू स्टेशनात गाडीची वाट बघत असताना मी सहज खाली पाहिलं. पायाशी पिवळ्या फरश्यांची पट्टी होती. तशी आता आपल्याकडच्या मेट्रो स्थानकांतही असते. लांब उभ्या रेघांची फरशी म्हणजे चालत राहा. गोल ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे: जिना, रस्ता, फलाटाची कड. हे मला आधीपासून ठाऊक होतं, कारण आप्पा, आमचे वडील.

आप्पांची नजर काचबिंदूने गेली. एकदम गेली नाही, कडेकडेने आत सरकत गेली. शेवटची नऊ वर्षं ते माझं कोपर धरून चालले. मुद्दाम कोपर म्हणतेय. दिसत नसलेल्या माणसाचा हात आपण पकडायचा नसतो, त्याला आपलं कोपर धरू द्यायचं असतं. मग तो अर्धं पाऊल मागे राहतो आणि आपण वळलो, थांबलो, पायरी चढलो की त्याला ते आपोआप कळतं. दादा मात्र आप्पांचं मनगट धरून ओढत न्यायचा. प्रेमानेच न्यायचा, पण लग्नात, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे तसंच. आप्पा तोंडाने काही बोलत नसत, त्यांची पावलं मात्र आखूड व्हायची. त्यावरून आम्हा दोघांत किती वेळा वाजलं असेल त्याला गणती नाही. "दवाखान्याचं सगळं मी बघतो, आता हात कसा धरायचा तेही तू शिकवणार का?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. आणि दवाखान्याचं सगळं तो बघत होता हे खरंच आहे. २०१७ साली आप्पा गेले. भांडण तसंच राहिलं.

तर शिंजुकूच्या फलाटावर. कडेजवळच्या ठिपक्यांच्या फरशीला आतल्या बाजूने एक सलग उंच रेघ होती. ती मी आधी कधी पाहिली नव्हती. बराच वेळ बघितल्यावर उलगडा झाला. ठिपके कुठूनही आलं तरी पायाला सारखेच लागतात. गर्दीत दिशा हरवलेल्या माणसाला ठिपके लागले तर कड जवळ आहे एवढं कळेल, पण रूळ डावीकडे की उजवीकडे हे कळणार नाही. ती रेघ तेवढंच सांगते: मी ज्या बाजूला आहे ती फलाटाची बाजू. बोटभर रुंदीची एक रेघ. मी बूट काढून मोज्यावर उभी राहून ती पायाने चाचपून पाहिली. दादा मागून ओरडत होता, गाडी आलीय.

त्या रात्री हॉटेलात वाचत बसले. या फरश्यांना जपानीत तेन्जी बुरोक्कु म्हणतात, तेन्जी म्हणजे ब्रेल. ओकायामाच्या सेइइची मियाके नावाच्या माणसाने, एका मित्राची दृष्टी जात होती म्हणून, १९६५ मध्ये त्या शोधून काढल्या. जगातल्या पहिल्या २३० फरश्या १८ मार्च १९६७ रोजी ओकायामातल्या अंधशाळेजवळच्या एका चौकात बसवल्या गेल्या. आणि ओकायामा आमच्या वाटेवरच होतं! ओसाकाहून हिरोशिमाला जाणारी शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, तिथे थांबते.

मी अर्धा दिवस मागितला. दादाने विचारलं, "तिथे आहे काय?"

"एक चौक आहे."

"चौक?"

शेवटी वहिनीने मध्यस्थी केली. ते चौघं पुढे जाणार, मी ओकायामाला उतरणार आणि संध्याकाळपर्यंत हिरोशिमा गाठणार.

मी स्टेशनच्या पूर्वेच्या दाराने बाहेर पडले. समोर मोमोतारोचा पुतळा. पीचच्या फळातून जन्मलेला मुलगा राक्षसांवर चालून जातो ती लोककथा, आणि ओकायामा तिच्यावर हक्क सांगतं. पुढे रस्त्यातल्या गटाराच्या झाकणावरही मोमोतारो, सोबत कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी. जपानात गावागणिक झाकणांची नक्षी वेगळी असते. ओसाकाच्या झाकणावर किल्ला आणि चेरीचा बहर आहे. २०१६ पासून तर त्या झाकणांची संग्राह्य कार्डंही वाटतात. आसाही नदी ओलांडली. ओकायामाचा काळा किल्ला आणि कोराकुएन बाग डावीकडे राहिली, मी सरळ चालत राहिले. पुढे साधी वस्ती लागली. घरांच्या कोपऱ्यांवर पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या, मांजरं येऊ नयेत म्हणून. पेयांच्या यंत्रात थंड डब्यांखाली निळी पट्टी, गरम डब्यांखाली लाल. एका ठिकाणी पिवळ्या फरश्यांवर कोणीतरी सायकल लावून गेलं होतं. शेजारच्या दुकानातले आजोबा बाहेर आले, सायकल उचलून हातभर बाजूला ठेवली आणि आत गेले. बहुधा रोजचंच काम असावं.

हाराओजिमा नावाचा तो चौक. खरं सांगायचं तर तिथे काही नाही. रुंद रस्ता, गाड्या, सिग्नल आणि या फरश्यांचा जन्म इथे झाला असं सांगणारं एक छोटं स्मारक. मी फरश्यांवर जाऊन उभी राहिले आणि डोळे मिटले. बुटाच्या तळव्यातूनही रेघा लागत होत्या. रेघांवरून चार पावलं गेले, ठिपके लागले, थांबले. सिग्नलचा पक्षी बोलू लागला. तिकडे रस्ता ओलांडताना आवाज येतो तो बहुतेक ठिकाणी पूर्व-पश्चिम असेल तर "काक्को" आणि उत्तर-दक्षिण असेल तर पिल्लासारखा "पियो पियो". त्यामुळे कुठला रस्ता मोकळा झालाय ते कानाला कळतं. मी ऐकत उभी होते. ओलांडायचं काही मनात नव्हतं.

तेवढ्यात अगदी जवळून बाईचा आवाज आला, "दाइजोबु देसु का?" ठीक आहात ना. आणि माझ्या हाताच्या पाठीला काहीतरी हलकेच टेकलं. तिचं कोपर होतं.

क्षणभर मला डोळे उघडवेनात.

उघडले, तर माझ्या आईच्या वयाची बाई, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. मी वाकून माफी मागितली, फोनमध्ये बोलून तिला भाषांतर वाचायला दिलं: मला दिसतं, पण माझ्या वडिलांना दिसत नव्हतं. तिने दोनदा वाचलं. मग शाळेच्या दिशेने हात करून बरंच काही म्हणाली, ते फोनला नीट पकडता आलं नाही. जाताना तिने माझ्या कोपराला एकदा हात लावला.

संध्याकाळी हिरोशिमाला पोचले तेव्हा दादाने विचारलं, "पाहिलास चौक?" मी फोटो दाखवले. तो म्हणाला, "फरश्या बघायला जपानला आलो आपण." मुलांनी झाकणांचे फोटो मागून घेतले. कोपराचं मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेच जुनं भांडण परक्या देशात, हॉटेलच्या खोलीत, मुलांसमोर झालं असतं.

आता त्याच्या मुद्द्याकडे येते, म्हणजे तुमच्या घरच्यांच्याही. मुद्दा असा की बघायचं ते लोकांनी बघण्यासाठी जे बांधलंय ते, बाकीचं बघणं म्हणजे वेळ घालवणं. मला हे साफ अमान्य आहे, आणि खुद्द जपानी लोकांनाही अमान्य असावं. १९२३ च्या भूकंपाने टोकियो भुईसपाट झालं, तेव्हा कोन वाजिरो नावाचा वास्तुतज्ज्ञ लोकांनी उभारलेल्या खोपटांची चित्रं काढत हिंडला. १९२५ मध्ये त्याने सहकाऱ्यांना घेऊन टोकियोतल्याच गिन्झा भागातल्या रस्त्यावर उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे कपडे मोजले. पुरुषांत ६७ टक्के पाश्चात्त्य कपड्यांत, बायकांत जेमतेम १ टक्का. त्या काळाबद्दल या दोन आकड्यांतून जेवढं कळतं तेवढं गिन्झाच्या देखण्या इमारतींकडे बघून कळेल का? पुरातत्त्वाला जपानीत कोकोगाकु म्हणतात. त्याच चालीवर त्याने आपल्या कामाला कोगेन्गाकु नाव दिलं, आत्ताचा अभ्यास.

पुढे आकासेगावा गेन्पेइ या कलावंताला १९७२ मध्ये टोकियोच्या योत्सुया भागात एक जिना दिसला. सात पायऱ्या चढायच्या आणि पलीकडे उतरायच्या, वर दार नाहीच. पण त्याचा कठडा कोणीतरी दुरुस्त केलेला. निरुपयोगी जिन्याची निगा कोण राखतंय, या एका प्रश्नामागे तो अनेक वर्षं अशा जागा गोळा करत राहिला. १९८६ मध्ये त्याने आणि मित्रांनी मिळून चक्क रस्ता-निरीक्षण संस्था काढली. त्यांत वास्तू-इतिहासकार होते, चित्रकार होते, आणि झाकणं बघणारेही होते. तेव्हा घरी कोणी हसलं तर एवढं ऐकवा.

काय बघायचं, हे खरं तर मी सांगू नये, तुमच्या घरात जे दुखलंय किंवा सुखावलंय तेच तुम्हाला आधी दिसेल. तरी सुरुवातीला पत्ते बघा. बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत, क्रमांक असतो तो वस्तीच्या तुकड्यांना, आणि पाट्या खांबांवर नि भिंतींवर. टोकियोत सरकत्या जिन्यावर लोक डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. उरलेली बाजू चालणाऱ्यांची. ते धोक्याचं म्हणून साइतामा प्रांताने २०२१ मध्ये जिन्यावर चालू नये असा नियमच केला, तर तिथे जाऊन लोक तो पाळतात का ते बघा. गाडीच्या पहिल्या डब्यात ड्रायव्हरच्या काचेमागे उभे राहा, तो प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून तोंडाने म्हणतो ते बघा. संध्याकाळी पाचच्या सुमाराला बऱ्याच गावांत कर्ण्यावर सूर वाजतात, तेव्हा वस्तीत असा, हॉटेलात नको.

दिवसाला तीनपेक्षा जास्त ठिकाणं ठरवू नका. चौथं ठिकाण म्हणजे हजेरी लावणं. आणि बरोबर कोण येणार यावर सगळं अवलंबून आहे. माझ्या दादासारखा आखणीत हुशार माणूस असेल तर गाड्या-हॉटेलं त्याच्याकडेच द्या, पण निघण्याआधी त्या आखणीत आपला अर्धा दिवस नावानिशी लिहून घ्या. तिथे जाऊन मागितलात की वाद होतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. गल्ल्या बघायच्या म्हणजे लोकांच्या दारात शिरायचं नाही. क्योटोच्या गिओनमध्ये पर्यटकांनी इतका उच्छाद मांडला की २०२४ पासून तिथल्या खाजगी गल्ल्यांत त्यांना बंदी आहे आणि १०,००० येन दंड आहे. माणसांचे आणि वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो नकोत. या पिवळ्या फरश्या सगळ्यांच्या सोयीच्या नाहीत, चाकाच्या खुर्चीला त्यांचे उंचवटे त्रास देतात. त्यांवर डोळे मिटून चालून बघू नका, ती ज्यांची वाट आहे त्यांची आहे. मी केलं ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. आणि पहिल्यांदाच जात असाल तर प्रसिद्ध ठिकाणं पार टाकू नका. हिरोशिमाचा तो अणुबॉम्बमधून उरलेला घुमट मी दुसऱ्या दिवशी दादाबरोबर पाहिला, तिथे आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नव्हतो.

दादा इथे वाचत असतो, हेही वाचेल. दादा, त्या बाईने माझा हात धरला नाही. कोपर पुढे केलं आणि मी धरते का याची वाट बघत थांबली.