गाडीसकट बोटीवर: डोव्हर ते कॅले

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): मुलगी बर्मिंगहॅमला असते. मेच्या सुट्टीत आम्ही दोघं, मुलगा-सून आणि सात वर्षांचा नातू तिच्याकडे जाणार आहोत. तिथे गाडी भाड्याने घेऊन, इंग्लंडच्या डोव्हर बंदरातून फ्रान्सच्या कॅलेला फेरीने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) उतरून, चार दिवस पॅरिसला जायचं म्हणतोय. ब्रिटनचा व्हिसा पुरेल का? गाडी मुलगा चालवेल.

उत्तर: नाही पुरणार. फ्रान्सला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) वेगळा लागतो. दोन्हीकडे सहसा पासपोर्ट जमा करावा लागतो, म्हणून अर्ज एकामागून एक करा. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून घेतात. तो पहिल्याच आठवड्यात टाका. शेंगेनला एरवी १५ दिवस लागतात, पण कधी ४५ही होतात. सोबत किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवा. शेंगेन एका प्रवेशाचा चालेल, कारण फ्रान्समध्ये तुम्ही एकदाच शिरणार. ब्रिटनमध्ये मात्र दोनदा शिरायचं आहे, तेव्हा तो व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे हातात पडताच वाचा. फ्रेंच पोलीस पासपोर्ट डोव्हर बंदरातच तपासतात, त्यामुळे कागद चुकला तर बोटीत चढण्याआधीच परतावं लागतं.

आता गाडी. व्हिसा सगळे जिवापाड जपतात, गाडीचा कागद विसरतात. भाड्याची गाडी देशाबाहेर न्यायला कंपनीची परवानगी लागते. तिचा कागद म्हणजे ‘व्हीई १०३’. काही कंपन्या तो देतच नाहीत, म्हणून बुकिंग करण्याआधी विचारा. विमा आणि रस्त्यात बंद पडल्यावरची मदत फ्रान्समध्ये लागू आहे का, तेही लेखी घ्या. आणि मुलगीही येणार असेल तर माणसं सहा होतात; पाच सीटची गाडी घेऊन बसू नका.

मुलाने गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना भारतातून निघण्याआधीच आरटीओत काढावा: फॉर्म ४-ए, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत ठेवावा. गाडीवर ‘यूके’चं चिन्ह हवं, जुनं ‘जीबी’ चालत नाही. धोक्याचा त्रिकोण हवा. चमकणारं जाकीट डिकीत नको, सीटवरून हात पोचेल असं ठेवा, कारण गाडी रस्त्यात बंद पडली तर ते अंगात घालूनच खाली उतरायचं असतं. ब्रिटिश गाडीच्या दिव्यांचा झोत डावीकडे झुकतो आणि फ्रान्समध्ये तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तो अडवायला दिव्यांच्या काचेवर लावायच्या पट्ट्या मिळतात. नातवाला मागे, त्याच्या उंचीच्या सीटवर बसवा.

तिथे गाडी उजवीकडून चालवायची. हमरस्त्यावर चूक होत नाही, कारण पुढचा-मागचा तसाच चाललेला असतो. ती होते सकाळी रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल भरून बाहेर पडताना. टोलनाक्याची खिडकी डाव्या हाताला येते आणि तुमचा चालक उजवीकडे बसलेला. पैसे डावीकडच्याने द्यायचे. म्हणजे आजोबांनी कार्ड हातात धरून बसावं.

प्रश्न (मानेवाडा): बायकोला बोट लागते. गाडीतच झोपून राहिलं तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. बोट सुटली की गाड्यांचा मजला बंद होतो, मध्येच खाली जाता येत नाही. म्हणून औषधं, स्वेटर, पासपोर्ट वर न्यायच्या पिशवीत आधीच भरून ठेवा. आपण नागपूरचं ऊन डोक्यात ठेवून निघतो, पण खाडीवरचा वारा मेमध्येही बोचतो. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, अलार्म बंद करा; नाहीतर बोट डुलली की तो कोकलत राहतो. मजल्याचा आकडा आणि जिन्याचा रंग यांचा फोटो काढा, उतरताना सगळे जिने सारखेच दिसतात. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून चढण्याआधी घ्यायची, पोट ढवळायला लागल्यावर नाही. बसायला बोटीचा मधला भाग, आणि नजर क्षितिजावर.

प्रवास साधारण दीड तासाचा. तिकिटावर मात्र अडीच तास दिसतील, कारण फ्रान्सचं घड्याळ एक तास पुढे असतं. येताना तोच प्रवास अर्ध्या तासाचा दिसतो. बंदरावर दोन तास आधी पोचा. छतावर सामानाची पेटी असेल तर बुकिंगमध्ये उंची तिच्यासकट लिहा.

प्रश्न (महाल): संत्रा बर्फी आणि संत्री नेता येतील?

उत्तर: बर्फीत खवा असतो. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, तिथून फ्रान्समध्येही नाहीत. संत्र्यांना फ्रान्समध्ये शिरताना रोपस्वास्थ्याचं प्रमाणपत्र (फळांवर कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) लागतं. चिवडा, शेव, सावजी मसाला खुशाल न्या.