हप्ता, लाडकी बहीण आणि सातबारावरचं नाव: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत करपा-थ्रिप्सपेक्षा खात्यात येणाऱ्या पैशांचीच चौकशी जास्त आहे. तेव्हा फवारणीचं पुढच्या वेळी, आज पैशांचं.

दिंडोरी तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "सव्वा एकर जमीन वडिलांकडून माझ्या एकटीच्या नावावर आली. पीएम किसान आणि नमो शेतकरीचा हप्ता मला मिळतो, म्हणून लाडकी बहीणचे पाचशेच येतात. घरचे म्हणतात, जमीन मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नावावर कर, तुला पुरते दीड हजार मिळतील आणि हप्ता त्यांना सुरू होईल. करू का?"

ताई, अजिबात करू नका. आधी हिशोब बघा. केंद्राचे वर्षाला ६,००० आणि राज्याचे ६,००० मिळून महिन्याला १,००० पडतात. दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजारांपेक्षा कमी मिळत असेल, तर लाडकी बहीणमधून फक्त फरक देतात. म्हणून तुम्हाला ५००. एकूण १,५००. आता जमीन बक्षीसपत्राने मालकांच्या नावावर केली की तुमचा हप्ता बंद. त्यांचा मात्र सुरू होणार नाही, कारण १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन पीएम किसानला धरत नाहीत. खातेदार मयत होऊन वारसाने आलेली जमीन तेवढी चालते. नमोची यादीही पीएम किसानवरूनच होते, म्हणजे तेही गेलं. घरात येणार पुन्हा १,५००च, आणि जमीन हातची गेलेली.

शिवाय पीक कर्ज, ठिबकचं अनुदान ही सगळी कामं आज तुमच्या सहीने होतात. अल्पभूधारकाला ठिबकसाठी ८० टक्के अनुदान आहे, महाडीबीटीवर अर्ज करा. मालकांची स्वतःची वेगळी जमीन असेल, तर लक्ष्मीमुक्ती योजनेत त्यांनी तुमचं नाव सातबाराला लावावं. तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. घरच्यांना नावं फिरवायची एवढी हौस असेल तर ती अशी भागवा म्हणावं!

निफाडचे एक द्राक्ष बागायतदार लिहितात की फुकटचे पैसे मिळायला लागल्यापासून मजूर मिळेना, पैसा दारूत जातो आणि माणसं आळशी झाली.

दादा, तुमची अडचण खरी, कारण पटत नाही. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रत्येक माणसाला बिनशर्त रोख रक्कम दिली, मोठ्यांना महिन्याला २०० आणि मुलांच्या नावे १००, पुढे ३०० आणि १५०. लोकांनी काम सोडलं नाही. दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी थोडी कमी करून स्वतःच्या शेतावर जास्त राबले, शेळ्या-कोंबड्या घेतल्या, पोरांच्या ताटात बरं पडलं. केनियातही गरीब कुटुंबांना रोख देऊन पाहिलं, तिथेही दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. तुमची ऑक्टोबर छाटणी आणि पेठ-सुरगाण्याची भातकापणी एकाच सुमाराला येतात. पूर्वी नड असायची म्हणून माणूस स्वतःचं भात बायकापोरांवर सोडून तुमच्या टोळीत यायचा. आता तो आधी घरचं कापतो. यात आळस कुठे आला? टोळीशी लवकर बोला, दर आधी ठरवा, उचल वेळेवर द्या.

सुरगाण्याच्या एका भाऊंचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला: "हप्त्याच्या दोन हजारांत शेतीचं काय होणार? मी किराणा भरतो. चुकतं का?"

नाही चुकत. पावसाळ्यात कणगी रिकामी असते तेव्हा घरात किराणा आला, तर सवाई-दिढीने, म्हणजे सव्वापट-दीडपट परत करायच्या बोलीने, धान्य उचलावं लागत नाही, आणि सुगीचं भात अंगणातूनच दुसऱ्याच्या घरी जात नाही. माझ्या मते हीच शेतीतली गुंतवणूक. खतच घ्यायचं तर डीएपीची गोणी १,३५० आणि युरियाच्या दोन गोण्या ५३३, म्हणजे १,८८३ रुपयांत काम होतं. रोखीने घ्या, बिल मागा. युरियासोबत दुकानदार भलतीच बाटली गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, सरळ पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. बियाण्यावर मात्र पैसा घालू नका. सुधारित वाणाचं घरचं भात असेल तर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, बी त्यात ओतून ढवळा. तरंगेल ते पोचट, काढून टाका. तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, मग किलोला अडीच ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळून रोपवाटिकेत पेरा. हप्त्याची तारीख धरून पेरणीचं गणित मात्र मांडू नका, तो कधी पुढे-मागे होईल सांगता येत नाही.

हप्ता अडकल्याची पत्रं बरीच आहेत. पीएम किसानच्या पोर्टलवर लाभार्थी स्थितीत तीन गोष्टी बघा: ई-केवायसी, जमिनीची नोंद, आधारला जोडलेलं खातं. फार्मर आयडी नसेल तर तोही काढा. पैसे 'आले' दिसतात पण पासबुकात नाहीत, अशा वेळी बहुधा ते शेवटी आधार जोडलेल्या खात्यात गेलेले असतात. कित्येकदा ते सिमकार्ड घेताना उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं निघतं, खातेदारालाच पत्ता नसतो. मजुरीने बोटांचे ठसे पुसले असतील तर मोबाइल ॲपवर चेहरा दाखवूनही ई-केवायसी होते.

येवल्याहून एका वाटेकऱ्याने विचारलंय, कसतो मी, मग हप्ता मालकाला का? योजना सातबारावर चालते, कसणाऱ्यावर नाही. तेलंगणाच्या रयतू बंधू या शेतकऱ्यांना रोख देणाऱ्या योजनेतही कुळं अशीच बाहेर राहिली. मला हे बरोबर वाटत नाही, पण आजचा नियम हाच आहे. तुम्ही चार-पाच जण मिळून संयुक्त देयता गटातून बँकेचं कर्ज मागू शकता, त्याला जमीन तारण लागत नाही. आणि यंदा वाटा ठरवताना खताचा खर्च कोणाकडे, हे मालकाकडून कागदावर लिहून घ्या.