तळपायाची चामखीळ: घाई नको, ब्लेड तर नकोच

आधी ती चामखीळच आहे की कुरूप, हे बघा. चामखिळीवर त्वचेच्या रेषा तुटतात आणि बारीक काळे ठिपके दिसतात. लोक त्याला 'मूळ' म्हणतात, पण त्या रक्त गोठलेल्या सूक्ष्म वाहिन्या असतात. त्या उपटायला जाऊ नका. मी ब्लेडने कोरायचा शहाणपणा केला होता. आठवडाभर लंगडलो आणि चामखीळ जिथल्या तिथे!

घरी करण्यासारखा त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय म्हणजे सॅलिसिलिक अ‍ॅसिड: १७ टक्क्यांचं द्रावण किंवा ४० टक्क्यांची पट्टी. रात्री पाय ५-१० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पांढरी पडलेली मेलेली कातडी हलकेच घासा, पाय कोरडा करून औषध फक्त चामखिळीवर लावा. भोवती व्हॅसलीन लावलं की चांगली कातडी भाजत नाही. घासायची कानस दुसरीकडे वापरू नका, चामखीळ विषाणूमुळे होते आणि तो पसरतो. फार झोंबलं तर दोन दिवस थांबा. १२ आठवडेसुद्धा लागू शकतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यातच कंटाळतात.

मधुमेह असेल किंवा पाय बधिर असतील, तर यातलं काहीही न करता थेट डॉक्टरांकडे जा.