खाटेवर पडून नकाशा बघ

रुग्णालयाच्या इमारतीचं पहिलंच काम हातात घेतोयस, तर एक कळकळीनं सांगतो. नकाशा उभ्या माणसाच्या नजरेनं काढू नकोस, खाटेवर पडलेल्याच्या नजरेनं काढ. खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, जमिनीपासून तीन फुटांवर ठेवलीस तर त्याला नुसतं आभाळ दिसतं. दोन फुटांवर आण, बाहेरून गज लाव, मग झाडाचा बुंधाही दिसेल, त्यावर पळणारी खारही.

ही हौस नव्हे. रॉजर उलरिक या संशोधकानं १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी मांडल्या. खिडकीतून झाडं दिसणारे, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली.

माझ्या एका कामात मधला चौक झकास झाला, पण त्याला कुलूप लागलं. देखभाल कोण करणार, हे मी विचारलंच नव्हतं. तू पहिल्याच बैठकीत विचार. पश्चिमेला बकुळ लाव; बारमाही हिरवी, दुपारचं ऊन अडवते. आणि नातेवाइकांसाठी तिच्या सावलीत ओटा बांध, पाठ टेकता येईल असा. रात्र रात्र जागून ती माणसं कुठे बसतात, एकदा जाऊन बघ.