म्हातारा म्हटला की खडूसच का ओ?

प्रश्न : मी सोलापूरचाच, पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा होतो, आता घरीच असतो. नातीच्या नादानं गोष्टी वाचतो, सिरीज बघतो आणि लई डोकं उठतं. म्हातारा तोच तो. पोरांचा बॉल जप्त करणार, सगळ्यांवर खेकसणार, मग एखादं गोड पोरगं आलं की लोण्यासारखा विरघळणार, आणि शेवटी कळणार की बायको गेल्यापासून असा झालाय. आता मी घरात जरा मोठ्यानं बोललो की नात म्हणते, आजोबा, त्या सिरीजमधल्यासारखं करू नका. आम्हाला दुसरं काही येतच नाही का ओ?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : काका, वैताग अगदी रास्त आहे. हा म्हातारा तसा जुनाच, इंग्रज लेखक डिकन्सच्या गोष्टीतला कंजूष स्क्रूज १८४३ सालचा, त्याला तर भुतं येऊन एका रात्रीत सुधारून जातात. मग २०१२ मध्ये स्वीडनच्या फ्रेड्रिक बाकमनच्या कादंबरीतला खडूस म्हातारा ऊवे आला आणि एवढा चालला की २०१५ ला स्वीडिश पिक्चर, २०२२ ला टॉम हँक्सचा. आता ऊवे मला आवडतो, खोटं कशाला बोलू. कारण त्याच्या रागाला विषय आहे. नव्या शेजाऱ्याला ट्रेलर लावलेली गाडी रिव्हर्स घेता येत नाही म्हणून तो तडकतो, आणि स्वतः बसून नीट लावून देतो! नंतर नक्कल करणाऱ्यांनी राग तेवढा उचलला न् हुन्नर टाकून दिला, म्हणून यांचा म्हातारा आयुष्यभर काय काम करत होता ते शेवटपर्यंत कळत नाही, नुसता "रिटायर".

आता तुम्ही जॉबर. धोट्याचा, म्हणजे मागात आडवा धागा नेतो त्याचा, आवाज जरा बदलला की कुठल्या मागात काय बिघडलंय ते शेडच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ओळखणारा माणूस, त्याला पोरानं पंख्याला तेल चुकीच्या जागी घातलेलं बघून राग येणारच की! त्या रागात माहिती असते. ती लिहायची तर कारखान्यात जाऊन बसावं लागतं, बायको वारली म्हणून लिहायला काही लागत नाही.

आपल्याकडे पुलंचा अंतू बर्वा आहेच, किती तिरकस बोलतो, पण त्याला सुधारायला कुणी येत नाही. उलट तो काय बोलतोय ते ऐकायला आपणच थांबतो. हे जमलं पाहिजे लेखकांना.

पण मोठ्यानं बोलण्याचं वेगळं आहे हं, ते नुसतं सिरीजवर ढकलू नका. लूमच्या शेडमध्ये आवाज सहज नव्वद डेसिबलच्या वर जातो, त्यात वर्षानुवर्षं काढली की कान जातात, आणि स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही की माणूस आपोआप वरच्या पट्टीत बोलतो. समोरच्याला वाटतं चिडलाय. वयानं बारीक आवाज आधी जातात, म्हणून नातीचं बोलणं अर्धवट कळतं, तुम्ही परत "काय?" विचारता, तेही तिला खेकसल्यासारखं वाटत असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं साठीच्या पुढच्या दर चारातल्या एकाहून जास्त जणांना कानाचा मोठा त्रास असतो, पण गोष्टीतल्या म्हाताऱ्याच्या कानात मशीन कधी बघितलंय का तुम्ही?

तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या, दुखत वगैरे काही नाही, हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. जाताना नातीलाच घेऊन जा, रिपोर्ट तिच्यासमोर समजावून सांगायला लावा डॉक्टरांना.