‘या दोन प्रजाती’ म्हणावं का? दयाळ आणि दगडफूल

दयाळ पक्षी आणि दगडफूल यांची तुलना करताना ‘या दोन प्रजाती’ असं लिहिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. मी तसं लिहिणार नाही.

आधी ‘प्रजाती’बद्दल. मराठी विश्वकोशात प्रजाती म्हणजे जीनस (जवळच्या जातींचा गट) आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांत हल्ली स्पीशीजला सर्रास प्रजाती म्हणतात, ते हिंदीवरून आलंय. ‘जाती’ म्हटलं की समाजातली जात आठवते म्हणून लोक बिचकतात, हे समजतं. पण त्यापायी दोन पायऱ्यांची एकच पायरी होते.

आता ‘दोन’ या शब्दाकडे येऊ. दयाळ ही एक जाती आहे, यात शंका नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली तिला नाव दिलं, आजचं नाव कॉप्सिकस सॉलॅरिस. उन्हाळ्यात पहाटे तारेवर बसून गाणारा नर काळा-पांढरा, मादी राखाडी. रूपं दोन, जाती एकच. (नावाचा दयेशी काही संबंध नाही. हिंदीतला दहियर आणि बंगालीतला दोयेल हे त्याचेच भाऊबंद.)

दगडफुलाचं नेमकं उलट आहे. गोड्या मसाल्यासाठी आणलेल्या पुडीतला एक तुकडा हातात घेऊन बघा. वरून राखी, खालून काळा, कडा कुरळ्या, सुकलेल्या कागदासारखा. दिसतो एक जीव, पण आत बुरशीच्या धाग्यांच्या जाळ्यात हिरव्या शैवलाच्या गोल पेशी अडकलेल्या असतात. ही भागीदारी स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1860च्या दशकात मांडली. अशा जीवांसाठीच्या ‘शैवाक’ (लायकेन) या पारिभाषिक शब्दातही शैवल आणि कवक (बुरशी) दोघंही दिसतात. मसाल्यातल्या एका दगडफुलाचं शास्त्रीय नाव पार्मोट्रेमा पर्लाटम; नामकरणाच्या नियमानुसार हे नाव फक्त बुरशीचं, आतल्या शैवलाचं नाव निराळं असतं.

शिवाय ‘दगडफूल’ हे एका जातीचं नाव नाहीच. खडकावर, झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या कितीतरी शैवाकांना आपण तेच म्हणतो, आणि वाण्याकडच्या पुडीतही अनेकदा दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात. म्हणजे ‘दयाळ’च्या जोडीला ‘दगडफूल’ ठेवणं हे ‘हापूस’च्या जोडीला ‘भाजी’ ठेवण्यासारखं झालं.

तुमच्या वाक्यात मी असा बदल करीन: ‘दयाळ ही गाणाऱ्या पक्ष्याची एक जाती आणि पार्मोट्रेमा पर्लाटम ही दगडफुलाची एक जाती.’ लेखात जागा असेल तर बुरशी-शैवलाच्या भागीदारीवर एक ओळ जरूर घाला.